मरोळचं वाण

“हलवू नका. बोलू नका. श्वास घेतलात तरी चालेल.”

बोटाएवढी काचेची नळी चिमटीत धरून बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत, एक डोळा मिटत आणि पाठीमागे जमलेल्यांना हे ऐकवत. पाठीमागे कोण आहे ते बघायची त्यांना गरज वाटत नसे. एकदा पाठीमागे कंपनीचे चेअरमन होते. त्यांनीही श्वास तेवढा घेतला.

मी त्या कंपनीच्या संशोधन केंद्रात ग्रंथपाल होतो. ऐंशीनंतरची वर्षं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुढे गोळ्यांचा कारखाना आणि मागे आमची छोटी इमारत; खाली माझी लायब्ररी, वर बाईंचा मलेरिया विभाग. विभाग म्हणजे बाई, एक गरगर फिरणारं यंत्र, एक ऊबदार पेटी आणि दारावरची पितळी पाटी. पाटी पुसायला कंपनीने माणूस ठेवला होता. आतली काचेची भांडी बाई स्वतः धुवत.

त्या घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या. वडील मूळचे मालवणकडचे, गिरणीत नोकरीला. बाईंनी डॉक्टरेट मिळवली होती आणि ती मिळवली आहे हे त्या विसरू देत नसत. नम्रपणा हा त्यांचा प्रांतच नव्हता. कुणी “तुमचं काम फार छान हं” म्हणालं की त्या लगेच विचारत, “कुठलं?” म्हणणाऱ्याची पंचाईत होई. एरवी त्यांची भाषा स्वच्छ पुस्तकी असे. राग आला किंवा फार आनंद झाला की मालवणी बाहेर पडे. राग मी पुष्कळदा ऐकला. आनंद एकदाच.

नळीत असतं काय, हे तुमच्यासारखं मलाही कळत नव्हतं. एकदा विचारलं.

“पोटभाडेकरू माहीत आहे ना?” बाई म्हणाल्या. मुंबईच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कमालच. “मलेरियाचा जंतू हा तांबड्या पेशीतला पोटभाडेकरू. शिरतो तेव्हा एवढासा असतो, अंगठीसारखा दिसतो. मग हातपाय पसरतो. मालकाच्या घरातलंच खातो. खाऊन खाऊन फुगतो आणि शेवटी घर फोडून पोराबाळांसकट बाहेर पडतो. आता प्रत्येक पोराला नवी खोली हवी.”

“पण मग नळी कशाला?”

“बाटलीत सगळ्या वयाचे एकत्र वाढतात रे. पहिलीतली आणि दहावीतली पोरं एका वर्गात बसवलीस तर शिकवशील काय? कुठलं औषध कुठल्या वयाच्या जंतूला लागतं ते बघायचं तर आधी वयं वेगळी करायला हवीत. जंतू मोठा झाला की त्याने घर आतून खाल्लेलं असतं, पेशी हलकी होते. नळीत दाट द्रावण भरायचं, वर रक्त सोडायचं, यंत्रात फिरवायचं. निरोगी पेशी जड, त्या खाली. अंगठ्याही खाली. मोठे झालेले वर तरंगतात. तपकिरी पट्टा दिसतो, चहाच्या कपाला उरतो तसा.”

तो पट्टा फार नाजूक असे. दार आपटलं तरी विस्कटे. आमचे अकाउंट्सचे अधिकारी एकदा दार आपटून आत आले, तेव्हा बाईंनी त्यांना तसंच मागे पाठवून दार पुन्हा लावायला लावलं. दुसऱ्यांदाही आवाज झाला म्हणून तिसऱ्यांदा. गृहस्थ पुढे प्रमोशन घेऊन फोर्टच्या ऑफिसात गेले. तिथेही दारं अलगद लावत, असं ऐकलं.

जंतू बाटलीत जगवणं हे त्या काळी कौतुकाचं काम होतं. त्यांना आपल्यासारखी भरपूर हवा मानवत नाही. म्हणून बाई जंतूंच्या बशा एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवत, त्यात मेणबत्ती लावत आणि झाकण बसवत. मेणबत्तीने हवा वापरली, विझली, की बरणी उबेच्या पेटीत. हे रोज. रविवारी, गणपतीत, दिवाळीतही. नवा शिपाई पहिल्यांदा वर गेला आणि धावत खाली आला. “बाई आत काहीतरी करतायत. मेणबत्ती लावलीये. रक्त आहे.” त्याला मी परदेशी मासिकातला त्याच बरणीचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे तो चहा घेऊन वर गेला.

आमच्या डायरेक्टर साहेबांना मात्र मेणबत्ती सहन होत नसे. साहेब उंच, देखणे, टाय कधी न सोडणारे. ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा हात नकळत टाळीच्या तयारीत जाई. “एवढी आधुनिक प्रयोगशाळा,” ते म्हणत, “आणि मधोमध मेणबत्ती! पाहुण्यांना काय वाटेल?”

“वीज गेली असं वाटेल,” बाई म्हणत.

जंतूंना खायला ताजं रक्त लागे, ओ गटाचं. आमच्या केंद्रातले ओ गटाचे सगळे बाईंच्या गोठ्यातले. हा त्यांचाच शब्द. मीही त्यात होतो. आळीपाळीने एकेकाला बोलावणं येई. सुई टोचण्याआधी तीन प्रश्न ठरलेले: “ताप? दारू? गोळी?” तिन्हींना ‘नाही’ म्हटलं तरच बाही वर करायची. कारखान्यातल्या एका मुकादमाने दुसऱ्या प्रश्नाला “थोडी” म्हटलं, तर बाई म्हणाल्या, “थोडी तुला. त्यांना चढेल.” रक्त दिल्यावर चहा आणि दोन बिस्किटं मिळत. तिसरं मागितलं तर बाई म्हणत, “तेवढं रक्त नव्हतं.”

आता मुद्द्याचं. बाईंच्या पेटीत मलेरियाची दोन वाणं होती, म्हणजे जंतूंची दोन घराणी. एक परदेशातून आलेलं, प्रतिष्ठित. पाहुणे आले की साहेब तेच दाखवत. दुसरं मरोळचं. आमच्या मागच्याच रस्त्यावर इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका गवंड्याला थंडीतापाने धरलं. पालिकेच्या दवाखान्याने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. त्याने सगळ्या घेतल्या, ताप उतरला आणि काही दिवसांनी परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा ताप. हे बाईंच्या कानावर आलं. त्यांनी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून त्याचं थोडं रक्त मिळवलं आणि त्यातला जंतू बाटलीत वाढवला. हे जंतू गोळीला दाद देत नाहीत असं त्यांना दिसलं. बाटलीत गोळीचं औषध घालून त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं.

अडचण एवढीच होती की ती गोळी आमचीच कंपनी करत असे.

“आपण विकतो ती गोळी चालत नाही, हे आपणच सांगायचं?” साहेब म्हणाले.

“सगळ्यांवर चालत नाही, एवढंच म्हणते आहे. दुसऱ्या कुणी आधी सांगितलं तर बरं दिसेल का?”

“औषध नीट विरघळलं नसेल. बाटलीतले आकडे काय, काहीही येतात.”

बाईंचे अहवाल साहेबांच्या टेबलावर एका सुंदर पेपरवेटखाली राहिले. त्यातच फोर्टच्या मुख्य ऑफिसातून कळलं की एक समिती येणार आहे आणि मलेरिया विभाग ठेवायचा की तिथे टॉनिकचा विभाग काढायचा, हे ठरवणार आहे. साहेबांनी बाईंना सांगितलं, समितीपुढे परदेशी वाण दाखवा, नळीतला पट्टा दाखवा, झकास कार्यक्रम होऊ दे. मरोळचा विषय नको. विभाग बंद झाला तर मरोळचं वाण चार दिवसांत मरणार, हे बाईंना माहीत होतं. आणि विभाग टिकला तरी ते कुणी खरं मानणार नव्हतं. दोन्हीकडून तेच मरत होतं.

त्या दिवसांत मी एकदा त्यांच्याबरोबर त्या बांधकामावर गेलो. गवंड्याला त्यांनी डॉक्टरांना सांगून दुसरं, कडू औषध मिळवून दिलं होतं. तो बरा होऊन परांचीवर विटा रचत होता. बाईंना बघून खाली उतरला.

“ताप नाही ना परत?”

“न्हाई बाई. पर ही पोरं म्हंत्यात, माझा ताप तुमी तिकडं बाटलीत पाळलाय म्हणून.”

“पाळलाय.”

“मी बरा झालो की! मग त्याला कशाला खायला घालताय?”

“तुझ्यासारखा दुसरा येईल. त्याला पहिल्यांदाच बरोबर औषध मिळायला नको?”

तो जरा विचारात पडला. “मग घाला,” म्हणाला, आणि परत वर चढला.

समिती यायच्या थोडे दिवस आधी साहेबांच्या मनात एक कल्पना आली. संचालक स्वतः विज्ञानासाठी रक्त देतो, असा फोटो कंपनीच्या मासिकात यावा. साहेब ओ गटाचे होते, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. फोटोग्राफर आला, दिवे आले, साहेबांच्या खुर्चीमागे पडदा लागला. फोटोग्राफर बाईंना “जरा डावीकडे, जरा हसा” असं सांगत राहिला. बाई हसल्या नाहीत, पण त्या गोंधळात बाही वर झाली, सुई टोचली, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. साहेबांना तीन बिस्किटं मिळाली. पुढचे सगळे दिवस पेटीतल्या सगळ्या बशांना साहेबांचं रक्त गेलं.

समितीच्या आदल्या दिवशी बाईंनी रंगीत तालीम ठेवली. मी मासिकं पोचवायला वर गेलो होतो. यंत्र थांबलं. बाईंनी पहिली नळी काढली, परदेशी वाणाची. खिडकीशी धरली, डोळा मिटला. वर काहीच नव्हतं. सगळं रक्त तळाशी. पट्ट्याची रेघसुद्धा नाही. त्यांनी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू होते, पण सुकून टिंबं झालेले. उद्या ज्याचा कार्यक्रम करायचा, ते वाण मेलं होतं. साठवणीतलं गोठवलेलं होतं, पण ते उठवून वाढवायला कितीतरी दिवस लागले असते.

बाईंनी ती नळी बाजूला ठेवली. दुसरी नळी काढली. मरोळची. खिडकीशी धरली.

वरच्या बाजूला जाड, तपकिरी, सरळ पट्टा.

“जितां आसा रे!” बाई एकदम ओरडल्या. “बघ, बघ! जितां आसा!” आपणच बोललो हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातातली नळी तसूभरही हलली नव्हती.

साहेबांना खबर लागली. ते वर आले, रिकामी नळी पाहिली आणि म्हणाले, “मेणबत्ती! मी सांगत होतो.”

“दोन्ही एकाच बरणीत होती, साहेब. मेणबत्ती एकच. हवा एकच. रक्तही एकच.” शेवटच्या शब्दावर बाई थांबल्या. मग अगदी हळू विचारलं, “फोटोच्या आधी गोळ्या घेतल्या होत्यात?”

“कसल्या?”

“आपल्या.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात मी होतो. मी मासिकाकडे पाहिलं.

“जरा कणकण होती,” साहेब म्हणाले. “फॅमिली डॉक्टर म्हणाले, मलेरियाच्या घेऊन टाका.”

“पूर्ण कोर्स?”

“मी कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळ समारंभांत ऐकलं होतं. खरं ठरलेलं प्रथमच पाहत होतो. साहेबांच्या रक्तात गोळी मुरलेली होती. तिने परदेशी वाण झोपवलं, आणि मरोळचं त्याच रक्तावर पोसलं. बाईंच्या अहवालांनी जे झालं नव्हतं ते फोटोग्राफरने करून दाखवलं.

“मीच विचारलं नाही,” बाई म्हणाल्या. “मुकादमाला विचारते, तुम्हाला विचारलं नाही. पडदा लावलेला होता ना.”

“हे बाहेर जायला नको,” साहेब म्हणाले. टाय जरा सैल झाला होता. “मलेरियावर संशोधन करणाऱ्या केंद्राचा डायरेक्टर, साध्या तापाला घाबरून... हसतील हो. दोन्ही नळ्या टाकून द्या. आपण समितीला पुढची तारीख मागू.”

“तुमचं नाव मी सांगणार नाही. पण नळ्या दोन्ही ठेवणार.”

“बाई, विभाग जाईल.”

“जाऊ दे. पण खोटं बोलून राहायला नको.”

समितीत तिघे होते. दोघे हिशेबातले आणि एक म्हातारे डॉक्टर, कंपनीचे सल्लागार. बाईंनी यंत्रातून नव्याने काढलेल्या दोन नळ्या खिडकीशी लावल्या आणि काय झालं ते सरळ सांगितलं. अपघाताने एका रक्तदात्याच्या रक्तात मलेरियाची गोळी होती. एक वाण मेलं, एक जगलं. जगलेलं आपल्या मागच्या रस्त्यावरचं आहे. हिशेबातले दोघे रिकाम्या नळीकडेच बघत राहिले. म्हातारे डॉक्टर भरलेल्या नळीपाशी गेले. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं.

“रक्तदाता कोण?”

“रक्तदात्याचं नाव आम्ही सांगत नाही.”

“मग त्याने गोळ्या घेतल्या होत्या, किती, कधी, हे आम्ही कशावरून मानायचं? तुमच्या बाटलीत काहीतरी बिघडलं असेल.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. साहेब खाली बघत होते. मग त्यांनी कोट काढला, खुर्चीला लावला आणि उभे राहिले.

“माझ्यावरून माना,” ते म्हणाले. “रक्त माझं आहे. गोळ्या मी घेतल्या. पूर्ण कोर्स, आपल्याच कंपनीच्या.” थोडं थांबून म्हणाले, “मला मलेरिया नव्हता. सर्दी होती.”

कुणी हसलं नाही. साहेबांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण होतं ते. त्याआधी आणि त्यानंतर मी त्यांच्या भाषणाला शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी हात उचलले जात होते आणि वाजवायची सोय नव्हती.

“हे पुन्हा करून दाखवाल?” डॉक्टरांनी विचारलं. साहेब बाही वर करायला लागले.

“राहू दे, साहेब,” बाई म्हणाल्या. “बाटलीत गोळी घालून मी हे कधीचं करते आहे. अहवाल तुमच्या टेबलावर आहेत.”

पेपरवेट उचलला गेला. विभाग राहिला. टॉनिकवाले दुसरीकडे गेले. मरोळचं वाण तपासायला सरकारी संस्थेकडे गेलं आणि बाईंचं म्हणणं खरं आहे असं तिथून लेखी आलं. त्याला कंपनीचं नाव द्यावं असं मुख्य ऑफिसचं म्हणणं होतं, बाईंचं द्यावं असं साहेबांचं. बाई म्हणाल्या, “ज्याचा ताप त्याचं गाव.” गवंड्याचं गाव कुठलं ते विचारायला त्या बांधकामावर गेल्या, तर इमारत पूर्ण होऊन तो पुढच्या कामावर निघून गेला होता. म्हणून मरोळ.

आमच्या कंपनीने लगेच गोळ्या विकणं थांबवलं, असं समजू नका. पण गोळीच्या पाकिटातल्या घडी घातलेल्या कागदावर एक ओळ वाढली: ताप परत आला तर डॉक्टरांना भेटा. ती ओळ बाईंची. ग्रंथपाल म्हणून मी पुष्कळ लेखक कपाटात लावले; इतक्या लोकांच्या घरी पोचलेला लेखक त्यात नव्हता.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. वाण सांभाळायला संस्थेची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. कॅन्टीनमध्ये समारंभ होता. व्यासपीठ, सतरंजी, हार, मधली खुर्ची उंच पाठीची. साहेब कागद काढून उभे. खुर्ची रिकामी. मला वर पाठवलं.

दार बंद होतं. काचेतून बाई पाठमोऱ्या दिसल्या. बशांतलं जंतूंच्या खाण्याचं जुनं पाणी काढून नवं घालत होत्या. मी टकटक केली. त्यांनी न वळता सांगितलं, “साहेबांना सांग, यांना निरोपसमारंभ कळत नाही. यांना भूक कळते.”

मी खाली जाऊन सांगितलं. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, शाल आणि नारळ उचलला आणि जिना चढायला लागले. त्यांच्यामागे सगळं कॅन्टीन. गोठ्यातले सगळे त्यात होते. अरुंद पॅसेजमध्ये आम्ही काचेला नाक लावून उभे राहिलो. कुणी दार वाजवलं नाही. साहेब नारळ या हातातून त्या हातात घेत होते. मी खूप सत्कार पाहिले आहेत. सत्कारमूर्ती काम करते आहे आणि सत्कार करणारे बाहेर ताटकळत आहेत, असा एवढाच.

शेवटी बाईंनी दार उघडलं. हातात रबरी मोजे. सगळ्यांकडे पाहिलं, मग साहेबांच्या हाताकडे.

“शाल चालेल,” त्या म्हणाल्या. “नारळ बाहेर ठेवा. शेंडीत बुरशी असते.”

साहेबांनी नारळ माझ्याकडे दिला, बूट काढले आणि आत गेले. दार त्यांनी अगदी अलगद लावलं. काचेपलीकडे त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली. बाई दोन्ही हात वर धरून उभ्या होत्या, मोज्यांना कशाचा स्पर्श होऊ नये म्हणून. शाल घालून झाली तरी त्यांनी ते खाली घेतले नाहीत.